मॉनिटरमागची टिकली

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही. नवऱ्याला नाही. आईला तर नाहीच — तिच्या लेखी मॉनिटर म्हणजे टीव्ही, तिला काय सांगणार? तुम्हाला सांगते. आज सकाळी टेबल पुसताना हात मॉनिटरच्या मागं गेला आणि बोटाला ती टिकली लागली. तेवढंच निमित्त.

तसं माझं छान चाललंय. लातूरला भाड्याच्या दोन खोल्या, खिडकीशी टेबल, टेबलावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी. खाली माझा स्वतःचा कम्प्युटर, बाजूला क्लासनं दिलेला लॅपटॉप. लॅपटॉपवर मी क्लासचे सराव पेपर टाइप करते. ते पेपर मुलांच्या हाती आधी पडू नयेत म्हणून लॅपटॉपाबाहेर काढायचे नाहीत, अशी सरांची ताकीद. लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका असली बाहेरची कामं माझ्या कम्प्युटरवर. मशीन दोन, पण पडदे तेच — सकाळी क्लासचे, दुपारनंतर माझे. एका पडद्यावर सरांच्या अक्षरातलं पान, दुसऱ्यावर माझं टायपिंग. नवरा शाळेची व्हॅन घेऊन गेला की मी इथं बसते. आणि खरं सांगू? अजून वाटतं, ही खुर्ची मला मिळालीच कशी?

कारण मी नववीत शाळा सोडलेली. धर्माबादजवळ आमचं गाव. आई मिरचीची देठं खुडायला जायची, तिच्यासंगं मी. हात असे जळायचे की झोपताना पाण्याच्या तांब्याला लावून ठेवायची. लग्न होऊन इकडं आले, टायपिंग शिकले, बोटं चालायला लागली. सरांनी कधी मार्कशीट मागितली नाही. मीच रोज भ्यायची — आज मागतील. क्लासात कामाला असलेल्या बाकीच्या मुली पदवीवाल्या. त्यांची चूक ती चूक, आणि माझी झाली की ती नववीची. असं कुणी म्हणालं होतं का? न्हाई. कुणीच नाही.

आणि सरांकडं माझ्यासाठी शब्द टाकला होता गुणवंतभाऊंनी. हे आधी सांगायला पाहिजे होतं. मी जरा टाळतच होते.

गुणवंतभाऊ मूळचे मुरुडचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. क्लासची सगळी मशीन तेच बघायचे. मला नावानं कधी हाक मारली नाही, गावानंच मारायचे. ‘काय धर्माबाद, आज मिरची कुणाला लागली, तुला का कम्प्युटरला?’ असं दारातूनच. मी चहा ठेवायची. माहेर लांब, सणाला जाणं व्हायचं नाही. त्या हाकेनं बरं वाटायचं. दुसरा मॉनिटर त्यांनीच आणून दिलेला — जुना, पण चांगला. त्याच्या मागच्या बाजूला मी टिकली लावायची. आरशावर लावतात ना, तशी. काम करता करता कपाळावरची निघाली की तिथं चिकटवायची.

मी स्वतःचा कम्प्युटर घेतला तेव्हा दोन्ही मशीन दोन्ही पडद्यांना जोडून द्यायला भाऊच आले. जोडताना समजावत होते. नवा पडदा, जे मशीन चालू असेल ते आपलं आपण दाखवतो. जुन्याला मात्र मागचं बटण दाबून सांगावं लागतं — आता लॅपटॉप, आता कम्प्युटर. मी ‘हाव, हाव’ करत राहिले. एक अक्षर कळलं नव्हतं. पुन्हा विचारायला काय झालं होतं? तेच. नववी.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप लावला तर जुना पडदा काळाच. कोपऱ्यात इंग्रजीत काहीतरी यायचं आणि जायचं. त्यात पेपराचा दुसरा भाग उघडला की गायब. पुन्हा उघडला, पुन्हा गायब. आज कळतं, तो त्या काळ्या पडद्यावर उघडत होता. लॅपटॉपाच्या हिशेबी तो पडदा चालूच होता. तेव्हा वाटलं, सगळं पुसलं गेलं. रडत रडत तो भाग पहिल्यापासून टाइप केला. तोवर मुलं परीक्षेला येऊन नुसती बसून होती. सरांचा फोन आला, आणि मी सांगून टाकलं — मॉनिटर बिघडला सर, जुना होता.

कुणी दिला होता, हे सरांना माहीतच होतं.

भाऊ दुपारी आले, बघतो म्हणून मॉनिटर दुकानात घेऊन गेले. थोड्या वेळानं परत आले. म्हणाले, दुसरा आणलाय. जोडला, माझा हात धरून मागं नेला आणि बटणावर ठेवला. ‘हे एकदा दाब. दिसलं? पुन्हा दाब. झालं. ह्यात काय नाही.’ आणि बटणाच्या शेजारी माझ्या बोटाला टिकली लागली.

माझीच. तोच मॉनिटर होता. बिघडला नव्हताच. दुकानात लावल्या लावल्या त्यांना कळलं असणार. मला वाईट वाटू नये म्हणून ‘दुसरा आणलाय’ म्हणाले. टिकली त्यांना दिसली नसेल का? की दिसूनही राहू दिली?

मी काही बोलायच्या आत सरच दारात. दुसऱ्या दिवशीचा पेपर न्यायला स्वतः आले होते. उभ्या उभ्या मॉनिटरकडं बघितलं. त्यांची नांदेडला नवी शाखा निघणार होती, तिथली सगळी मशीन भाऊच बसवणार असं ठरत आलं होतं. भाऊंनी त्यासाठी एक पोरगा हाताखाली घ्यायचंही बोलून ठेवलेलं. सरांनी मला विचारलं, ‘पहिला खरंच खराब होता का?’

भाऊ खाली बसून वायर गुंडाळत होते.

‘हाव सर,’ मी म्हणाले. ‘खराबच होता.’

बोट टिकलीवरच होतं — हे सांगते.

भाऊंनी वर बघितलं नाही. वायर नीट बांधली. ‘होतं असं, सर,’ म्हणाले, ‘जुना माल.’ चहा ठेवला होता. नको म्हणाले, दुकान उघडं आहे म्हणून.

नांदेडचं काम दुसऱ्याला गेलं. हळूहळू इथल्या क्लासचंही गेलं. भाऊंचं दुकान चालू आहे, उपाशी कुणी नाही — पण हे मी कुणासाठी सांगते? माझ्यासाठीच. गावी जाताना नांदेडला गाडी बदलते, तेव्हा त्या शाखेची पाटी दिसते. मी पिशवीत काहीतरी शोधायला लागते.

सरांचा माझ्यावर विश्वास वाढला. पगार वेळेवर. सरांना खरं सांगता आलं असतं — त्या दिवशी, पुढच्या आठवड्यात, कालही. नांदेडची शाखा उघडायच्या आधी तर कितीदा! सर मला काढणार नव्हते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

गेल्या महिन्यात वायर खराब झाली म्हणून भाऊंना बोलावलं. आले, बदलली, हसून बोलले, पोरांची चौकशी केली. निघताना दारात चपला घालत म्हणाले, ‘काही लागलं तर फोन करा, मॅडम.’

कधीपासून मॅडम म्हणायला लागले, मी आठवून बघितलं. त्याच दिवसापासून. धर्माबाद म्हणून मला लातुरात आता कुणी हाक मारत नाही.

टिकली मी काढली नाही. आता पेपरला बसायचंय. हात मागं जाईल, बटण सापडेल, दाबलं की पडदा उजळेल. रोज उजळतो. एकदाही बिघडला नाही.