दुपारच्या नोंदी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. अडखळतच सांगेन — पण सांगेन.

यवतमाळला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. कापसाचे ते वाईट दिवस. भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. आमचा प्रोजेक्ट असा, की महागावच्या बाजार यार्डातल्या ऑफिसवर एक अँटेना, जवळच्या बंजारा तांड्यावरच्या शाळेवर दुसरा, आणि बिनतारी नेटवर्कने भाव थेट तांड्यावर. गाडी भरून निघण्याआधी माणसाला कळावं, एवढंच. कल्पना माझी नव्हती — प्रोजेक्टमधली माझी जोडीदार कविता राठोड, तिची. तांडाही तिचाच.

वर्ष सुरू होण्याआधी, उन्हाळ्यातच चाचणी घेतली, लिंक झकास चालली. मग हंगामात महिनाभर दर तासाला लिंक चालू की बंद, याची नोंद करायचं ठरलं. तिने तांड्यावर, मी यार्डात. मी किती दिवस गेलो? तीन. बाकीच्या नोंदी खोलीवर बसून ठोकून दिल्या — सगळ्या कशा एकसारख्या, सुरेख. तिच्या वहीत मात्र रोज दुपारी लिंक तुटलेली. तुला बघताच येत नसेल, असं मी हसून म्हणालो.

"डोयानं पाहून राह्यली ना मी," ती म्हणाली. "कायले खोटं लिहू?"

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी फोटो काढायला यार्डात गेलो. ऐन दुपार. शिगोशीग कापूस भरलेल्या ट्रॉल्या बुटक्या अँटेनासमोर भिंतीसारख्या उभ्या, आणि लिंक बंद. उन्हाळ्यात यार्ड रिकामं असतं, हे कापसाच्या मुलखात जन्मून आम्हाला सुचू नये? तिचं खरं होतं. आता मला ते ठाऊक होतं — आणि तरी?

तरी दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, दोन वह्या का जुळत नाहीत, तेव्हा मी म्हणालो, तिच्या नोंदी चुकल्यात. तिची पानं अहवालातून काढली गेली. मला शाबासकी, ती जेमतेम पास. लाज वाटली का? वाटली. पण तोंड उघडलं नाही.

ती पानं मात्र माझ्याजवळच राहिली. सहा वर्षांनी, आता मीच शिकवतो. माझ्या विद्यार्थ्यांनी यंदा तीच लिंक पुन्हा उभारली, तिच्या दुपारच्या नोंदी पाहून खांब चांगला उंच घेतला. परवा भर दुपारी, यार्ड ट्रॉल्यांनी गच्च असताना, भाव तांड्यावर पोचला. मुलं नाचलीच. मलाही फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

या नव्या अहवालाची एक प्रत आज उमरखेडला पाठवली, कविता शिकवते त्या शाळेत. पहिल्या पानावर तिचं नाव आहे. खाली माझ्या सहीने लिहिलंय — हिच्या नोंदी खऱ्या होत्या, खोट्या माझ्या होत्या, आणि हे मला तेव्हाच माहीत होतं.