रविवारचे बूट

आमच्या गावच्या खाणीवरचा एक फोरमन दर रविवारी माझ्या बांधावरून डिचोलीच्या चर्चमध्ये मिसाला जातो. दहा पावलं चालला की वाकून रुमालाने बूट पुसतो. यंदा पावसात त्यानेच पंप लावून खाणीतलं पाणी ओढ्यात सोडलं आणि माझं लावलेलं भात लाल चिखलाखाली गेलं. तेव्हापासून मला बघून मान फिरवायचा.

गेल्या रविवारी मात्र थांबला.

"पाद्रीक सगळें सांगलां रे. तो म्हणालो, पयलीं शेतकाराची माफी माग. मागतां."

निरोप पोचवावा तसं बोलला. माझं डोकं सणकलं.

"ही कोरडी माफी चुलीत घाल! हे खोरं घे आणि उतर खाली चिखल उपसायला."

त्याने खोऱ्याकडे पाहिलं, मग पायांकडे.

"आज नाका रे. मिसाक उशीर जाता."