त्रिपुरसुंदरीने मांबलम का सोडलं नाही

चेन्नईच्या मांबलम भागात, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणारी त्रिपुरसुंदरी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली, तेव्हा मी तिला विचारलं होतं, "आता तरी भावाकडे अमेरिकेला जाऊन येशील की नाही?"

"कसं जाऊं अक्का? घरास कुणी असावं लागतं."

घर म्हणजे एका खोलीचा फ्लॅट, आणि त्यात ती एकटी. अशा घराला कुणी कशाला लागतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

तिचं घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. चेन्नईत राहून तमिळ सफाईने बोलते, पण माझ्याशी मराठीतच. ती 'मज' म्हणते, 'तुम्हांस' म्हणते. आम्ही नोकरीपायी महाराष्ट्रातून आलेली माणसं, आम्हाला ते पोथीतलं वाटतं. तिला माझी मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटते. "तुम्ही भांडलां तरी बातम्या सांगतां असं वाटतं," म्हणते. माझे यजमान उमाकांत गेल्यापासून दुपारची कॉफी मी तिच्याकडेच घेते. दोघी फार बोलतो असं नाही. पण कुणीतरी कप विसळतंय हा आवाज ऐकू आला की दुपार सरते.

भाऊ वेंकटही गेला. त्याची नात ऊर्मी गेल्या उन्हाळ्यात एकदा फोनवर आली. पोरीला मराठी येत नाही, तमिळही बेताचंच. ती शाळेसाठी वंशावळ करत होती. पणजीचं नाव जानकी, एवढं तिच्याकडे होतं. मृत्यूची तारीख हवी होती.

फोन ठेवल्यावर त्रिपुरसुंदरी बराच वेळ ओटा पुसत राहिली. ओटा कोरडाच होता. मग तिने मला जे सांगितलं, ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

१९६८ साल. ती नऊ वर्षांची, वेंकट तीन. इथेच, याच जागेवर त्यांचं भाड्याचं कौलारू घर होतं. एका सकाळी वडील आईला घेऊन मांबलम स्टेशनवर गेले, पोरं मागोमाग. शहराबाहेरच्या तांबरमला जाणारी गाडी आली, आई खिडकीशी बसली, वेंकटला म्हणाली, "अक्काचं ऐक." परत आलीच नाही. पुढे एक दिवस वडील डोक्याचे केस उतरवून घरी आले आणि इतकंच बोलले, "मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी. ध्यानांत ठेव." वर्षाच्या आत तेही गेले. आत्याबाई येऊन राहिल्या. त्यांनी दोघांना वाढवलं, पण आईचं नाव घरात काढू दिलं नाही. गल्लीतल्या बायका कुजबुजायच्या की जानकी कुणाबरोबर तरी गेली, नवऱ्याने लाजेपायी केस काढले.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मज दोन्ही वाटतं. मेली असेल तर म्हणून दरवर्षी द्वादशीस कावळ्यास घास ठेवितें. जिती असेल तर म्हणून घर सोडलं नाहीं. तिला ही एकच जागा ठावकी होती ना, अक्का. स्टेशनांतून उतरली तर इथेंच येणार."

खात्याने तिला मदुरैला बढती दिली होती, ती तिने नाकारली. एक स्थळ बंगळूरचं होतं, तेही. जुनं घर पाडून इमारत झाली तेव्हा तिने हट्टाने तळमजला घेतला. आईला जिने चढवणार नाहीत म्हणून.

मी म्हटलं, "मेलेल्या माणसाची नोंद असते. जिथे मृत्यू होतो तिथल्या दप्तरात. आपण तांबरमला अर्ज करू."

आईची तिथी तेवढी हाताशी होती. तिची तारीख करून घ्यायला त्रिपुरसुंदरी रामस्वामी वाध्यार या पुरोहितांकडे गेली. त्यांनी जुनं पंचांग काढून डिसेंबरच्या अगदी शेवटाची तारीख दिली. मी इंग्रजीत अर्ज लिहिला: मृताचं नाव, पतीचं नाव, राहण्याचा पत्ता, तारीख अंदाजे. आम्ही दोघी तांबरमला गेलो. जुनी पुस्तकं ज्या कार्यालयात होती तिथे जननी नावाची एक मुलगी बसायची. तिने अर्ज वाचला आणि तमिळ पद्धतीने आजी म्हणून हाक मारत विचारलं, "पाटी, ही तारीख पक्की का? पानं हात लावला की तुटतात. अख्खं वर्ष नाही बघता येणार मला."

"पक्की," त्रिपुरसुंदरी म्हणाली. "जन्मभर पाळली आहे."

काही आठवड्यांनी उत्तर आलं: डिसेंबरची अखेर आणि जानेवारी पाहिला, अशी नोंद आढळत नाही.

मला वाईट वाटलं, पण तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याने मी घाबरले. ती तरतरीत झाली होती. "मग गेलीच नसेल, अक्का!"

"अगं, आज त्या किती वर्षांच्या असत्या?"

"शहाऐंशी. असतात की शहाऐंशीच्या. आपल्याच गल्लींत दोघी आहेत."

तिने दाराबाहेरचा दिवा बदलून मोठा लावला. आत्याबाईंच्या लोखंडी पेटीतून एक जुनी चादर काढून उन्हात टाकली. दुपारी कॉफी पिताना फाटक वाजलं की ती कप खाली ठेवायची.

नोव्हेंबर सरत आला. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. घट मांडण्याचं व्रत सवाष्णींचं, ते माझं उमाकांतांबरोबर सुटलं. पण गुरुवारी काहीतरी गोड करायची सवय सुटली नाही. वाटीभर खीर घेऊन मी खाली गेले.

"आज काय विशेष?"

"मार्गशीर्षातला गुरुवार ना."

ती हसली. "काय अक्का, वय झालं तुमचं. मार्गशीर्ष अजून कोठे? रस्त्यांत रांगोळ्यांचे कोलम कोठे दिसतात का मोठे? मार्गळी लागेल अर्धा डिसेंबर उलटल्यावर."

"ती तुमची मार्गळी. मार्गशीर्ष अमावास्येनंतर लागतो. लागून आठवडा झाला."

"दोन्ही एकच की."

"एक नाही, त्रिपुरा. तमिळ महिना सूर्याचा. आपला चंद्राचा. कधी पंधरा दिवसांचं, कधी जवळजवळ महिन्याचं अंतर पडतं."

तिच्या हातातला चमचा वाटीतच राहिला. वडिलांनी सांगितलं होतं ते आपल्या महिन्याचं. नऊ वर्षांच्या मुलीने ऐकलं ते शाळेतल्या, गल्लीतल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या महिन्याचं. आत्याबाईंनी एकदा जरी श्राद्धाचा विषय काढला असता तर चूक तिथेच सुधारली असती. आणि वाध्यारांना तिने विचारलं ते मार्गळीतलीच द्वादशी कधी, असं.

"म्हणजे तेव्हांचा..."

"महिनाभर मागचा. डिसेंबरचा पहिला आठवडा बघायला सांगू."

"नको," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "खीर छान झाली आहे." वाटी तशीच भरलेली होती.

आठवडा गेला. मग एका सकाळी ती माझ्या दारात उभी. रेशमी काठाची साडी, केसांत फूल. "चला."

जननीने या वेळी आम्हाला बसवून ठेवलं आणि आतून ते पुस्तकच आणलं. पान उलटण्याआधी तळवा खाली धरायची. बोट एका ओळीवर थांबलं. जानकी, वय एकोणतीस, पत्ता वेस्ट मांबलम, पतीचं नाव बरोबर. कारण क्षय. खबर देणाऱ्याच्या रकान्यात क्षयरुग्णालय.

त्रिपुरसुंदरीने एवढंच विचारलं, "घरचं कुणी जवळ होतं का, हें लिहीत नाहींत?"

"नाही पाटी. तसा रकाना नाही."

नक्कल मिळायला थोडे दिवस गेले. तोपर्यंत खरी द्वादशी उलटून गेली होती. ऊर्मीला तारीख कळवली. तिने हृदयाचं एक चित्र पाठवलं.

रस्त्यावर मोठे कोलम उमटू लागले आणि मार्गळीतली द्वादशी आली. मी दुपारी खाली गेले तर तिने स्वयंपाक केला होता, दरवर्षीचाच. खिडकीच्या कट्ट्यावर पानावर भात.

"आता तर तुला खरा दिवस ठाऊक आहे."

"मज ठावकें आहे. कावळ्यास कोण सांगणार? तो सकाळपासून येऊन बसला होता."

तिने माझं पान वाढलं, आपलं वाढलं. बाहेर फाटक वाजलं. तिने वर पाहिलं नाही. भात कालवत म्हणाली, "आतां कोठेही जातां येईल, अक्का. घरास कुणी लागत नाहीं."

"मग जा ना. तंजावर तरी बघून ये."

ती जेवत राहिली. मी उठून ताक घेतलं, तिलाही वाढलं. पान संपत आलं तेव्हा ती म्हणाली, "पण तेथें माझी वाट कोण पाहातं?"