उपड्या मडक्यापाशी

पाहुण्यांना गोंदियात पायी फिरवून खाऊ घालायचं काम मी सुरू केलं तेव्हा घरचे हसले होते. पण हिवाळ्यात सारस बघायला बाहेरगावची माणसं येतात. सकाळी पक्षी बघून झाले की दहा वाजता मोकळी होतात, आणि पुढे काय करायचं हे त्यांना कळत नाही. त्यांना घेऊन मी स्टेशनाजवळून निघायची. बाजारात तर्री-पोहे, समोसे, जिलबी, आणि शेवटी शहराच्या कडेला एका घरी लांब पोळी.

त्या घरच्या मावशी मला एका लग्नाच्या स्वयंपाकात भेटल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, माहेर दवनीवाड्याचं. सैल भिजवलेली कणीक दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायच्या आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडायच्या. माणसं जेवण सोडून बघत होती. मी तिथंच विचारलं. "आणा ना," त्या म्हणाल्या, "मले कायचा त्रास?"

पहिल्या खेपेला सात जण होते. त्यांत नागपूरचे एक निवृत्त साहेब आणि त्यांच्या पत्नी. साहेब सगळ्यांत उत्साही. समोसे दोन खाल्ले, जिलबी पुन्हा मागून घेतली, आणि प्रत्येक दुकानदाराशी हिंदीत गप्पा मारल्या. मावशींच्या अंगणात पोचलो तेव्हा मडकं तापलं होतं, वांग्याची भाजी झाकून ठेवली होती, सात ताटं धुऊन पालथी घातली होती.

साहेबांनी दारावरच्या पंचशील झेंड्याकडे पाहिलं. मग मावशींकडे.

"आपलं आडनाव काय म्हणालात?"

ते कोणी म्हणालंच नव्हतं. मावशींनी सांगितलं. हात चालूच होते.

साहेब म्हणाले, "मला वाढू नका. आज माझा उपवास आहे."

तासाभरापूर्वीचे समोसे सगळ्यांनी बघितले होते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "माझंही पोट भरलंय हो." मागच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ताटं उचललीच नाहीत. काहीतरी बोलायला हवं होतं, लगेच, आणि मी बोलले.

"खूप स्वच्छ असतं हो यांचं सगळं. मी स्वतः खात्री करून घेतली आहे."

मावशींचे हात थांबले. कणीक त्यांच्या दोन हातांमध्ये लोंबत होती, पातळ होत चालली होती. आता ती फाटणार असं मला वाटलं. पण त्या वाकल्या, पोळी मडक्यावर नीट पसरली, कड सारखी केली, आणि मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या,

"स्वच्छतेचं काऊन सांगून राहिल्या, मॅडम? समोसेवाल्याकडं सांगितलं होतं का?"

साहेब फोन काढून गल्लीत गेले. एक तरुण मुलगी पुढे झाली, ताट घेऊन जमिनीवर बसली. मागोमाग आणखी दोघं बसले. मावशींनी त्यांना वाढलं, भाजी हवी का विचारलं, पण पोळी कशी करतात ते काही सांगितलं नाही. मडक्याखालची लाकडं तडतडत होती. मी उभीच होते. कोणाची बाजू घेऊन बसायचं हे मला उभ्या उभ्या ठरवता येत नव्हतं, आणि ते तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं.

त्या रात्री मी स्वतःशी कबूल केलं. आधी चव बघायला गेले होते तेव्हा मीही तिथं बसून खाल्लं नव्हतं. पोळी बांधून घरी आणली होती आणि सासूबाईंना बाजारातली म्हणून सांगितलं होतं. साहेबांनी उपवास सांगितला, मी बाजार सांगितला.

दोन दिवसांनी गेले. मावशी धान पाखडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत.

"माझं चुकलं, मावशी."

"हो, चुकलंच." सुपातला कोंडा उडत राहिला. "तुमाले वाईट वाटून राहिलं म्हणून मी काय करू? रडू?"

सूप रिकामं करून त्या म्हणाल्या, "माणसं आणू नका असं नाही म्हणत मी. आणा. पण माही ओळख मीच सांगीन, आधीच, तिकडं स्टेशनापाशी. ज्याले यायचं तो येईन. माह्या अंगणात येऊन कोणी उपाशी राहाचं नाही."

पुढच्या रविवारी नऊ जण आले. मावशी धुतलेलं लुगडं नेसून माझ्या आधीच येऊन उभ्या होत्या. त्यांनी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, "आमी बौद्ध आहो," सांगितलं. "शेवटची पोळी माह्या घरी आहे. कोणाले नाही जमत असन तर आत्ताच सांगा, मी कणीक कमी भिजवीन."

मी नऊ चेहरे बघत होते. एका गृहस्थांनी घड्याळ पाहिलं, गाडीची वेळ जुळत नाही म्हणाले आणि निघून गेले. त्यांना खरंच गाडी होती की नाही, मला आजही माहीत नाही.

"आठ," मावशी म्हणाल्या, आणि कणीक भिजवायला घराकडे निघाल्या.

त्या दिवशी त्यांच्या अंगणात मी नववं ताट मागून घेतलं. त्यांनी दिलं. खूश झाल्या की नाही ते त्यांच्या तोंडावरून कळलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.