उडालेल्या काट्याची शिनाख्त

जगातली एकही वस्तू, एकही माणूस किंवा एकही पालेभाजी आमच्या मामांनी पहिल्या नजरेत ओळखल्याचं मी पाहिलेलं नाही. मामा म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे थोरले मामा, नात्यानं माझे मामेसासरे. त्यांचे डोळे ठणठणीत होते. म्हातारपणीसुद्धा मामींना सुईत दोरा तेच ओवून देत. अडचण डोळ्यांची नव्हती, तत्त्वाची होती. मामांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांचा कारभार मराठीत आला, तेव्हा जुन्या उर्दू कागदांचं मराठी करायला म्हणून ते औरंगाबादच्या कोर्टात चिकटले ते निवृत्तीपर्यंत. हजारो शब्द त्यांनी मराठीत आणले, पण 'शिनाख्त' हा एक शब्द तेवढा मुद्दाम तसाच ठेवला. ओळख वेगळी आणि शिनाख्त वेगळी, असं त्यांचं म्हणणं. ओळख काय, एसटीत शेजारी बसणाऱ्याचीही होते. शिनाख्त म्हणजे ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय त्यानंच, सारख्या दिसणाऱ्या चारचौघांत उभं करून, हाच तो असं सांगायचं. तोवर कुणाला कुठलंही नाव लावायचं नाही.

हे तत्त्व त्यांनी कोर्टातच ठेवलं असतं तर कुणाची काही हरकत नव्हती. पण ते घरी आणत. दारावर सख्खा मेहुणा उभा राहून "मी आलोय" म्हणाला, तरी मामा आतून विचारत, "मी म्हणजे कोण? खूण सांगा." गुलमंडीवर भाजी घ्यायला गेले की मेथीची जुडी उलटीपालटी करून ती मेथीच आहे याची बाईकडून दोनदा कबुली घेत. रेशनकार्डावरचा स्वतःचा फोटो दाखवला तर म्हणाले, "हा इसम माझ्यासारखा दिसतो खरा. पण मी काही याला पाहिलेला नाही." मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा बाकीचे लोक माझा पगार विचारत होते. मामांनी मला उजेडात उभं केलं, कानामागचा तीळ पाहिला, आणि मगच पोहे आणायला सांगितलं. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर त्यांनी पुढं होऊन तो तीळ पुन्हा पाहिला. उन्हाळ्यातली लग्नं, घाईत अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही, असं त्यांनी भटजींना समजावलं.

मामींना त्यांनी आयुष्यात एकदाच थिएटरात नेलं होतं. पिक्चर होता डबल रोलचा. मध्यंतरापर्यंत मामांनी कसंबसं सोसलं. नंतर मात्र पडद्यावर आलेला हिरो थोरला की धाकटा हे ते शेजारच्या प्रेक्षकांना विचारू लागले, आणि कुणीच ठामपणे सांगेना म्हटल्यावर मामींना उठवून घरी घेऊन आले. त्या दोघा भावांचं पुढं काय झालं ते मामींना कधीच कळलं नाही.

मामींचं माहेर सिल्लोडच्या पलीकडचं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाले असताना फुलंब्रीच्या पुढं एसटी बंद पडली आणि सगळे उतारू बाभळींच्या सावलीला बसले. मामी नव्या नवरी, अजून नवऱ्याशी धड बोललेल्याही नव्हत्या. समोरच्या फांदीकडं पाहता पाहता त्या एकदम म्हणाल्या, "अवो, हा काटा उडाला." लग्न झाल्यापासून त्यांनी आपणहून मामांना सांगितलेली ती पहिली गोष्ट. मामांना हसू आवरेना. त्यांनी ते कंडक्टरला सांगितलं, कंडक्टरनं ड्रायव्हरला, आणि एसटी सिल्लोडला पोहोचेपर्यंत सगळी गाडी नव्या नवरीच्या उडणाऱ्या काट्यावर हसत होती. पुढं तो किस्सा घरातल्या प्रत्येक पंगतीत व्हायचा. "आमच्या सासुरवाडीच्या बाभळींचे काटे उड्या मारतात," असं मामांनी म्हणायचं, लोकांनी हसायचं, आणि मामींनी वरण वाढत पुढं जायचं. मी स्वतः त्या पंगतींत हसलेलो आहे. मामी कधी रागावल्या नाहीत. फक्त विचारलं तेवढंच बोलायच्या, आपणहून काही सांगायच्या नाहीत. आम्हाला वाटायचं, स्वभावच तसा असेल.

निवृत्त झाल्यावर मामा सकाळी हिमायत बागेकडं फिरायला जायचे. एकदा दातणासाठी म्हणून त्यांनी छत्रीच्या मुठीनं बाभळीची फांदी खाली ओढली आणि फांदीवरचा एक काटा टुणकन उडून छत्रीवर येऊन बसला. मामा तिथंच मातीत बसले. काटा कसला, तो एक किडा होता, गव्हाच्या दाण्याएवढा, खोडाच्याच रंगाचा. खांद्यांवर दोन शिंगं आणि पाठीवरून शेपटाकडं गेलेला एक वाकडा काटा. फांदीवर आणखी चारपाच तसेच ओळीनं बसले होते आणि मुंगळे त्यांच्याभोवती वकिलांसारखे फिरत होते. मामा घरी आले ते थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तुझी फिर्याद दाखल करून घेतलीय." मामी भाकरी थापत होत्या. कुठली फिर्याद, असं त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, "काट्याची." मामींचा हात थांबला, तव्यावरची भाकरी करपली, आणि त्या दिवशी ती करपलेली भाकरी मामांनी न मागता स्वतःच्या ताटात घेतली.

दुसरा कुणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. पण शिनाख्तीशिवाय निकाल म्हणजे मामांच्या मते अन्यायच. हिमायत बागेतला किडा त्यांनी पाहिला होता, मामींनी नव्हे. मामींनी पाहिलेला तो हाच कशावरून? त्यांनी मामींची रीतसर जबानी घेतली. मामी म्हणाल्या, त्याला गोऱ्ह्यासारखी शिंगं होती, पाठीवर वाकडा काटा होता, आणि आपण जवळ गेलो की तो लाजल्यागत फांदीच्या पलीकडल्या अंगाला सरकायचा. मामांनी चौकशी केली तेव्हा कळलं की असले शिंगवाले किडे एका जातीचे नसतात. कुणाची शिंगं आडवी, कुणाची उभी, कुणाच्या पाठीवर पांढरा पट्टा, काही बाभळीवर तर काही वांग्यावर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक आमच्या ओळखीचे होते. ते बिचारे आपुलकीनं म्हणाले की एक किडा बाटलीत घालून आणा, भिंगाखाली पाहून जात सांगतो. मामांना ते पटलं नाही. मुलजिमाला बाटलीत घालून शिनाख्त होत नसते, तो जिथं बसलाय तिथंच, त्याच्या भाऊबंदांत, जिवंत असताना झाली पाहिजे. आणि जात सांगायला प्राध्यापक कितीही मोठे असले तरी त्या दिवशी बाभळीखाली ते हजर नव्हते. साक्षीदार एकच.

मग दर रविवारी सकाळी मामांची जुनी स्कूटर निघू लागली. मागं मामी एका अंगाला पाय सोडून बसलेल्या, मांडीवर धपाट्यांचा डबा, दह्याचा सट, आणि पुढं मामांच्या पायाशी छत्री. पहिल्या रविवारी अर्थातच फुलंब्रीच्या पुढची ती बाभळीची रांग. मामांनी तिथल्या एका फांदीवर शिंगवाले किडे शोधून काढले आणि आपण तीन पावलं मागं सरून उभे राहिले, कारण साक्षीदारावर दबाव येता कामा नये. मामींनी वाकून, चष्मा वर करून, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "नाय. हा नाय." मामांचा चेहरा उतरला, पण न्यायाची बूज राखली गेली म्हणून ते खूशही झाले. दुसऱ्या रविवारी दौलताबादच्या बाजूला, मग वैजापूरच्या, मग खुलताबादच्या. मामींचं प्रत्येक वेळी काहीतरी बिनसायचं. याची शिंगं लई आखूड आहेत. याची पाठ सरळ आहे. हा लाजत नाय, नुसता बसून राहतो. वैजापूरला तर म्हणाल्या की हा चेहऱ्यावरूनच आमच्या सिल्लोडकडचा वाटत नाय. मामा प्रत्येक नकार मान खाली घालून ऐकायचे. येताना कुठं पेरू घ्यायचे, कुठं उसाचा रस प्यायचे, आणि मामींच्या पातळाला चिकटलेली कुसळं स्वतः काढून द्यायचे. आमच्या सौभाग्यवतींच्या एक गोष्ट लक्षात आली ती माझ्या आली नव्हती. मामी रविवारी कपाटातलं चांगलं पातळ नेसायच्या आणि केसांत फूल घालायच्या. बाभळीच्या काट्यांत जायचं तर जुनेर नेसावं माणसानं.

एका रविवारी हे दोघं शेंद्र्याकडं गेले होते. तेव्हा त्या भागात कारखान्यांसाठी जमिनी जाणार अशी कुजबुज होती आणि शेतकरी जीव मुठीत धरून होते. बांधावरच्या बाभळीसमोर एक म्हातारा, एक म्हातारी, चांगल्या कपड्यांत, एकटक पाहत उभे आहेत म्हटल्यावर शेताचा मालक धावत आला आणि मोजणीला आलात का म्हणून विचारू लागला. मामा म्हणाले, "मोजणीला नाय, शिनाख्तीला." हा शब्द ऐकून त्याचं उरलंसुरलं अवसान गेलं. त्यानं घरून सातबारा आणला, भावाला बोलावलं. शेवटी मामींनीच पुढं होऊन सगळी हकिकत सांगितली, एसटी बंद पडल्यापासूनची. एका अनोळखी माणसाला, आपणहून, न विचारता. तो माणूस हसला, पण मामींना नाही, मामांना. मग त्यानं ताक पाजलं आणि बांधावरची प्रत्येक बाभूळ फिरून दाखवली. मामींनी प्रत्येक बाभळीला नाय म्हटलं.

मी एकदा मामांना म्हणालो की आता पुरे करा, मामींच्या मनात काही नाही. त्यावर ते नेहमीसारखे कोर्टाच्या भाषेत बोलले नाहीत. म्हणाले, "जावईबापू, तिनं मला पहिल्यांदा काही सांगितलं अन् मी ते गाडीभर हसण्यावारी नेलं. तिच्या तोंडून 'हाच तो' ऐकल्याशिवाय मला डोळे मिटायचे नाहीत." त्यांच्या लेखी प्रश्न किड्याचा नव्हताच. त्यांना स्वतःची सुटका हवी होती आणि ती फक्त मामींच्या हातात होती.

काही वर्षांनी मामींचे गुडघे गेले आणि स्कूटर बंद झाली. नंतर छातीचं दुखणं आलं. मी भेटायला गेलो होतो, मामा औषधं आणायला पैठण गेटला गेले होते. मामी उशीला टेकून बसल्या होत्या. खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "जावईबापू, तुमाला म्हणून सांगते. तो काटा मी पहिल्याच रविवारी ओळखला होता. बघितल्या बघितल्या."

मी चमकून विचारलं की मग 'नाय' का म्हणालात?

त्या हसल्या. पंगतीत वाढताना त्या इतकी वर्षं हसल्या नव्हत्या ते सगळं हसू त्यात होतं. म्हणाल्या, "व्हय म्हणलं असतं तर खटला संपला असता. मग पुढच्या रविवारी मला कुणी नेलं असतं?"

त्यांनी माझ्याकडून कसलंही वचन घेतलं नाही. पायऱ्यांवर मामांच्या चपला वाजल्या तेव्हा ओठांवर बोट ठेवलं, एवढंच. त्या पावसाळ्याच्या आधीच मामी गेल्या. शेवटच्या दिवसांत मामांनी त्यांना एकदाही काट्याबद्दल विचारलं नाही. आजारी साक्षीदाराला त्रास द्यायचा नसतो.

मामींचं वर्षश्राद्ध झाल्यावरच्या रविवारी मामा छत्री घेऊन आमच्या दारात उभे राहिले. त्यांना एकट्यानं स्कूटर चालवणं जमत नव्हतं. मी माझी काढली. ते मागं बसले, मांडीवर धपाट्यांचा डबा, आमच्या सौभाग्यवतींनी करून दिलेला. कुठं जायचं हे विचारावं लागलं नाही. फुलंब्रीच्या पुढं रस्ता आता रुंद झालाय, रांगेतल्या बऱ्याच बाभळी गेल्या आहेत, पण तीनचार उरल्यात. त्यातल्या एकीवर मामांनी शिंगवाला किडा शोधला. खांद्यांवर दोन शिंगं, पाठीवर वाकडा काटा, भोवती मुंगळे. मामांनी तोंड जवळ नेलं तसा तो लाजल्यागत फांदीच्या पलीकडं सरकला. मामींच्या जबानीतला शब्द न् शब्द जुळत होता.

मामा कितीतरी वेळ पाहत राहिले. मग मला विचारलं, "काय वाटतं?"

मामींचं वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. एका शब्दात मी या माणसाला मोकळं करू शकलो असतो. पण मामींचं ओठांवरचं बोट आठवलं, आणि मी म्हणालो की मामा, मी कसं सांगू, मी काही तेव्हा हजर नव्हतो.

"बराबर आहे," मामा म्हणाले. ते तीन पावलं मागं सरले आणि किड्यासमोरची जागा त्यांनी मोकळी सोडली. तिथं जणू कुणी वाकून, चष्मा वर करून पाहत असावं तसे ते थांबून राहिले. फांदीवरून किडा टुणकन उडाला आणि दिसेनासा झाला.

"नाय," मामा हळूच म्हणाले, अगदी मामींच्या सुरात. "हा नाय."

मग त्यांनी डबा उचलून माझ्या हातात दिला आणि स्कूटरकडं चालू लागले. बसता बसता म्हणाले, "पुढच्या रविवारी जरा वैजापूरच्या अंगाला बघू."

मी म्हटलं, बघू.