चाचांकडची जर्मन वही

नव्या माणसाला चाचा कधी नाव विचारत नसत. बॅग खांद्यावर, डोळ्यांत झोप, असा कुणी कारखान्याच्या दारात उभा राहिला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पासपोर्ट कुणाकडे?" उत्तर "माझ्याकडे" आलं की मग चहा. त्यांचा स्वतःचा शर्टाच्या डाव्या खिशात असे, प्लास्टिकच्या पिशवीत, वरून सेफ्टी पिन. इस्त्रीवाल्यापेक्षा त्या शर्टाला पिनेनेच जास्त आकार दिला होता.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या आमच्या कारखान्यात चाचा टाइमकीपर होते. गाव दापोलीकडचं, समुद्राच्या अंगाला. पहिल्या नोकरीत, फार जुन्या काळी, मालकाने त्यांचा पासपोर्ट कपाटात ठेवला होता. घरी आई गेली तेव्हा कपाट बंद आणि चावीसकट मालक सुट्टीवर. हे ते एकदाच बोलले आणि लगेच बिस्किटाचा पुडा पुढे केला. आपणही मग बिस्किटच घ्यायचं.

पासपोर्टच्या पिशवीत आणखी एक चीज असे. तपकिरी, मऊ पडलेली छोटी वही, मुखपृष्ठावर गरुड. दुसऱ्या महायुद्धात चाचांचे आजोबा आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांकडून लढले. तिथे एक जर्मन शिपाई पकडला आणि आठवण म्हणून त्याची पगाराची वही खिशात टाकली. चाचांना जर्मनचं अक्षर येत नव्हतं, पण मोबाइलवर व्हिडिओ बघून इतिहास तोंडपाठ. "गळ्यातल्या बिल्ल्यावर नुसता नंबर, नाव नाय. शिपाई मेला की बिल्ला मधून तोडायचा. अर्धा त्याच्यासोबत, अर्धा ऑफिसात. पण जित्या माणसाचं सगळं या वहीत. हुद्दा, पगार, बायकोचा पत्ता, चष्म्याचा नंबर. पहिल्या महायुद्धातपण अशी वही होती, फोटो मात्र नव्हता. फोटो नंतर आला, आपल्या आयडीसारखा."

मी एकदा म्हटलं, "चाचा, हिटलरच्या शिपायाचा एवढा कळवळा?"

"आज्याने त्याला पकडला, बेस केलं. माणूस पकडायचा होता, साठेसाहेब. वही नाय पकडायची."

ती वही त्या शिपायाच्या घरी पोचवायची, एवढीच चाचांची इच्छा. आणि इथे आमचा प्रवेश होतो. पुण्यात असताना मी अडीच महिने जर्मनच्या क्लासला गेलो होतो, हे मी नको त्या वेळी, म्हणजे भरल्या कँटीनमध्ये, सांगून बसलो. चाचांनी वही माझ्यापुढे उघडली. मला त्यातला फक्त "आणि" हा शब्द ओळखता आला. पण चार माणसं बघत होती. मधलं एक पान दाखवून मी गंभीरपणे म्हणालो, "इथे शौर्याच्या नोंदी आहेत." चाचांनी त्या पानावर हात फिरवला.

मग पत्र लिहायचं ठरलं. मी ते लिहिलं नाही, पण टाकलं असं सांगितलं. पुढची चार वर्षं हजेरीचं कार्ड पंच करताना चाचा विचारायचे, "उत्तर?" आणि मी म्हणायचो, "येईल, इन्शाल्ला. जर्मन पोस्ट हल्ली फार ढिली झालीय." एका देशाच्या टपाल खात्याची मी एकट्याने केलेली ही बदनामी.

मग चाचांचं वय झालं. कंपनीने सांगितलं, महिनाअखेर व्हिसा कॅन्सल. ते वही घेऊन थेट आमच्या घरी आले. "एक शेवटचं पत्र टाकू. गावाला नेली तर माझ्यामागे पोरं रद्दीत घालतील."

माझी मुलगी ऊद मेथा भागातल्या शाळेतून नुकतीच आली होती. तिने शौर्याच्या पानावर मोबाइल धरला. "बाबा, इट्स अ क्लोदिंग लिस्ट. अंडरपँट्स, टू. सॉक्स, फोर पेअर्स."

बायको आत निघून गेली. ती हसायला गेली हे भिंतीलाही कळलं. चाचांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी पत्राचंही सांगून टाकलं.

"चार वर्षं," ते म्हणाले. मग वही मिटून, "म्हणजे मी चार वर्षं त्याच्या चड्डीला सलाम करत होतो."

त्याच दिवशी मुलीने जर्मन मजकूर जुळवला आणि वहीत शिपायाच्या बायकोच्या पत्त्यात जे गाव होतं तिथल्या नगरपालिकेला मेल केला. दोन आठवड्यांत त्या शिपायाच्या, सत्तरी ओलांडलेल्या मुलीचं उत्तर आलं. वडील कैदेतून सुखरूप परतले, म्हातारे होऊन गेले. फक्त एक कोडं राहिलं होतं. वडील म्हणत, मी हवालदार होतो. कैद्यांच्या छावणीत हवालदाराला फावडं मारावं लागत नसे, त्याने फक्त देखरेख करायची. पण वही नसल्यामुळे कुणी विश्वास ठेवला नाही आणि सुटकेपर्यंत ते खड्डे खणत राहिले. घरीसुद्धा हा विनोदच झाला. त्यांनी काही बढाई मारली की त्यांची भावंडं म्हणायची, "हो हो, हवालदारसाहेब." तर, बाईंचा प्रश्न: वहीत काय लिहिलंय?

माझ्या मुलीने पहिलं पान वाचलं. खाली, शिक्क्यानिशी, हवालदारपदी बढती.

चाचांना ते एका झटक्यात कळलं. आम्हाला कुणाला इतक्या लवकर कळलं नसतं. "फोरमनला हेल्परच्या व्हिसावर घातला," ते म्हणाले. "आयुष्यभर खरं बोलत होता बिचारा. आणि पुरावा दापोलीत, आमच्या ट्रंकेत."

बर दुबईतल्या कुरियरवाल्याकडे मी सोबत गेलो. कुरियरचे नव्वद दिरहम, म्हणजे दोन हजार रुपयांच्या वर, मी देऊ केले. चाचांनी माझा हात बाजूला केला. काउंटरवरच्या पोराने झेरॉक्ससाठी पासपोर्ट मागितला. चाचांनी पिन काढली आणि पासपोर्ट हातात घट्ट धरून स्वतःच काउंटरच्या आत शिरले. "हबीबी, मशीन दाखव. हा पासपोर्ट माझ्यासोबत येतो."

पोच आली तेव्हा चाचा दापोलीला पोचले होते. मी फोनवर वाचून दाखवली. त्या बाईंनी लिहिलं होतं की वडिलांना हसणाऱ्यांपैकी आता एक आत्याच उरली आहे, नव्वदी पार. तिने भिंगातून पहिलं पान नीट पाहिलं आणि म्हणाली, शिक्का खोटा आहे.

मला वाटलं, चाचा खट्टू होतील.

"म्हणू दे तिला," ते म्हणाले. "वही कुणाकडे आहे?"

"त्यांच्याकडे, चाचा."

"मग झालं. खलास. चहा घे."