गादीवालीचं ऊन आणि नगरपालिकेचं तळं

नाही गं, ते तसं नाही झालं. तुझ्या आजोबांनी तुला अर्धवट सांगितलंय. त्यांना कुठलीही गोष्ट शेपटीकडून धरायची सवय. आधी तळं आलं, मग बदकं आली, आणि गादीवाली नगरपालिकेत गेली ती सगळ्यांत शेवटी. असं लिही.

गादीवाली म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिला नावानं कुणी हाकच मारत नाही. जुन्या गाद्या उसवायच्या, गोळे झालेला कापूस उन्हात टाकायचा, काठीनं झोडपून मोकळा करायचा, परत खोळीत भरून दाभणानं टाके घालायचे, हे तिचं काम. घराच्या मागं नगरपालिकेचं मैदान आहे, तिथं दिवसभर ऊन. त्या उन्हावरच तिचं सगळं चालायचं. ओला कापूस गादीत गेला की महिनाभरात वास मारतो आणि गिऱ्हाईक गादी डोक्यावर घेऊन परत येतं, वर चार शब्द ऐकवून जातं ते वेगळंच.

शाळेचं तोंड तिनंही पाहिलं नाही आणि मीही. पण मला लाज वाटायची, तिला कसली लाज! रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवायची, "ए दादा, या डबीवर काय लिहिलंय जरा वाच की." दुकानाची पाटी, औषधाची बाटली, भिंतीवरची जाहिरात, सगळं वाचून घ्यायची. आमचे भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, म्हणायचे, "हिला वाचता येत नाही हेच बरंय, नाहीतर घरात बोलायला माणूस उरला नसता."

तर एके दिवशी सकाळी उठून बघते तो काय, मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा! या टोकापासून त्या टोकापर्यंत. आखून गेलेली माणसं केव्हाच पसार. गल्लीतला जो तो तिथं कमरेवर हात ठेवून उभा. कुणी म्हणे खेळाचं मैदान, कुणी म्हणे दवाखाना. तेवढ्यात शिपाईभाऊजी आले. हे आमच्याच गल्लीतले, नगरपालिकेत शिपाई. ते आले की गल्लीतली माणसं कान टवकारायची.

"तळं होणार आहे," ते म्हणाले.

"कशावरून?"

"कशावरून काय? मी नकाशा बघितलाय, या दोन डोळ्यांनी. चांगलं गोल तळं आहे. रोज बघतो!"

झालं! रोज बघणाऱ्यापुढं कोण बोलणार? चहावाल्यानं तर दुसऱ्याच आठवड्यात दोन बदकं आणून टपरीमागं बांधली. म्हणे, तळ्याकाठी बसून लोक चहा पितील, बदकं असली की शोभा येते. बदकं रात्रंदिवस ओरडायची. गल्ली खूश होती, पोरं तर पोहायच्या गोष्टी करत होती. एकटी गादीवाली तोंड पाडून बसली. तळं म्हणजे ओल. ओल आली की कापूस गेला. आणि कापूस गेला की ही काय करणार? ह्या वयात दुसरं काम शिकणार?

आमचे भाऊजी तिला म्हणाले, "अगं, नगरपालिकेपुढं आपलं काय चालतं?"

"चालतं की नाही ते नंतर बघू," ती म्हणाली. "आधी आहे काय ते तरी कळू दे. डोळे मिटून कुणी मार खातं का?"

आणि पदर खोचून निघाली.

नगरपालिकेत खिडकीमागं जो बसायचा, त्याला लोक उद्यासाहेब म्हणायचे. का म्हणायचे ते त्यानं तोंड उघडल्याबरोबर कळायचं.

"मैदानाचा नकाशा बघायचाय," ती म्हणाली.

"उद्या या."

गेली. "साहेब जेवायला गेलेत, उद्या या." परत गेली. "किल्ली साहेबांकडं आहे." मग तिनं ठरवलं, उद्या येण्यापेक्षा आज जायचंच नाही. समोरच्या बाकावर फतकल मारून बसली. बसून बसून करणार काय? समोरच्या भिंतीवर एक पाटी होती, कोळिष्टकांनी माखलेली. शेजारी एक म्हातारेबुवा बसले होते, चष्मा लावून.

"अहो बाबा, ते काय लिहिलंय तेवढं वाचा की. मघापासून माझ्याकडं बघतंय."

बुवांनी मान वर करून वाचलं, "नगरपालिकेकडील कागद व नकाशे कोणत्याही नागरिकास सोमवारी दुपारी पाहता येतील. कारण विचारले जाणार नाही."

"परत वाचा."

परत वाचलं. गादीवाली उठली आणि खिडकीशी गेली. "काय रे बाबा, भिंत एक बोलते आणि तू एक?"

उद्यासाहेबानं मानही वर केली नाही. "मावशी, ती पाटी फार जुनी आहे."

"मीही जुनी आहे. म्हणून मी खोटी का?"

बाकावरची माणसं हसली. तो जरा वरमला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही गाद्या भरता ना? माझ्या या खुर्चीची गादी बघा, मधोमध खड्डा पडलाय, कंबर मोडते. एवढी भरून द्या, नकाशाचं मग बघू आपण."

आता बघ, गादीवालीची नजर आल्याआल्याच त्या गादीवर गेली होती. पार बसलेली, एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला नुसतं कापड. तिची बोटं शिवशिवत होती. आणि काम काय, अर्ध्या तासाचं! पण ती म्हणाली, "भरून देईन, अगदी आनंदानं. पण नकाशा बघून झाल्यावर. आधी भरली तर तुला वाटेल गादीच्या बदल्यात नकाशा दाखवला. माझ्यामागून येईल त्याच्याकडं कापूस नसला, तर त्यानं काय द्यायचं तुला?"

"मग बसा," तो म्हणाला.

"बसलेच आहे," ती म्हणाली.

सोमवारी दुपारी ती जेवण उरकून हजर. किल्ली अजून साहेबांकडंच. मग हिनं आपला नेहमीचा धंदा सुरू केला. जो येईल त्याला, "दादा, ती पाटी जरा मोठ्यानं वाच ना, मला दिसत नाही." कॉलेजातली पोरगी आली, तिनं वाचली. नळाची तक्रार घेऊन आलेला सुतार, त्यानं अडखळत वाचली. एका बाईंनी तर शाळेत कविता म्हणतात तशी चालीवर वाचली. आणि वाचणारा प्रत्येक जण वाचून झाल्यावर थांबायचा, म्हणायचा, "अरे! मग मलाही आमच्या गटाराचं बघता येईल की!" असं करत बाक भरला, मग भिंतीला टेकून माणसं उभी राहिली.

उद्यासाहेबाला काही सुधरेना. शेवटी उठला, एक कॅलेंडर आणलं आणि पाटीवर अडकवून टाकलं. जसं काही पाटी थंडीनं कुडकुडत होती!

गादीवाली गालात हसली. "झाकलीस होय? बरं झालं. आता मला पाठच झालीय." आणि तिनं घडाघडा म्हणून दाखवली. सुतारानं तिच्यामागून म्हटली. मग सगळ्यांनीच म्हटली, "कारण विचारले जाणार नाही" एवढं जरा जास्तच जोरात. पाटी झाकता येते बाई, तोंडं कशी झाकणार?

उद्यासाहेब बाहेर आला. तिच्यासमोर उभा राहिला आणि एकदम रडवेला होऊन म्हणाला, "मावशी, खरं सांगू का? मी इथं लागल्यापासून कुणी कधी काही बघायला मागितलंच नाही. तो नकाशा कुठं आहे तेच मला ठाऊक नाही. किल्ली साहेबांकडं नाही, माझ्याच खिशात आहे. पण कुलूप काढून तुम्हाला काय दाखवू?"

गादीवालीचा राग तिथंच विरघळला. "अरे मग आधीच नाही का बोलायचं? चल, शोधू."

कागद बघायची खोली कोपऱ्यात होती. तिथं मोडक्या खुर्च्या, रंगाचे रिकामे डबे, आणि मधोमध एक टेबल, त्यावर दुपारचे डबे उघडून सगळे जेवायला बसायचे. शिपाईभाऊजी तेव्हाही तिथंच बसले होते, पुढ्यात चहा. सगळ्यांनी कपाटं उघडली, वरचं खाली केलं, धुळीनं शिंका काढल्या. नकाशा काही मिळेना. शेवटी सुतार टेबलाला टेकला, खाली बघितलं आणि म्हणाला, "अहो, हे टेबलावर काय पसरलंय?"

भलामोठा जाड कागद होता, दोन्ही बाजूंनी खाली लोंबणारा. टेबल खराब होऊ नये म्हणून कुणीतरी कधीतरी पसरला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कप उचलले, डबे उचलले. कॉलेजातली पोरगी वाचायला लागली, "हा आपला रस्ता, ही गल्ली, हे मैदान..." आणि मैदानाच्या बरोब्बर मध्ये गोल, तपकिरी, नीट आखल्यासारखा चहाच्या कपाचा डाग.

सगळ्यांनी शिपाईभाऊजींकडं बघितलं.

"हेच का तुमचं तळं?" गादीवालीनं विचारलं. "रोज बघत होतात म्हणे!"

शिपाईभाऊजी कपाकडं बघत होते, कप त्यांच्याकडं बघत होता. हळूच म्हणाले, "गोल तर आहे."

अगं, काय हसले लोक! उद्यासाहेब तर डोळे पुसायला लागला. पण पोरगी अजून वाचतच होती, आणि तिचा आवाज बदलला. "मावशी, तळं नाही, पण इथं कचरागाड्यांची शेड आहे. तुमच्या घराच्या बाजूला. आणि खाली हरकत कळवायची शेवटची तारीख लिहिलीय, ती याच शुक्रवारची."

हसू थांबलं. शेड म्हणजे ऊन अडणार, वर कचऱ्याची धूळ कापसावर. तळं परवडलं असतं बाई. पण शुक्रवार अजून यायचा होता! हे कळलं म्हणून तिच्या जिवात जीव आला. उद्यासाहेबानं स्वतः कागद घेतला, तिनं सांगितलं, त्यानं लिहिलं, तिनं अंगठा उठवला. मग कागद गल्लीत आणला, तिच्या नवऱ्यानं सही केली, गल्लीतल्या इतरांनीही. शिपाईभाऊजींनी सगळ्यांत मोठी.

तो कागद बघून नगरपालिकेच्या इंजिनिअर साहेबांनी तिला बोलावलं. ही त्यांना म्हणाली, "शेड नको असं मी म्हणत नाही. गाड्यांनाही घर पाहिजेच की. पण ती पलीकडच्या भिंतीला टेकवा, तिथं दिवसभर सावली असते. गाड्यांना ऊन कशाला हवंय? त्यांना काय वाळत घालायचंय?"

इंजिनिअर हसले. म्हणाले, "फाटक या बाजूला जवळ पडतं म्हणून इथं काढली होती, बाकी काही कारण नाही." आणि नकाशावरच शेड पलीकडं हलवली. गाड्यांच्या वाटेसाठी मैदानाची एक पट्टी मात्र गेली, तिथं ती मोठ्या गाद्या पसरायची. पहाटे गाड्या खडखडत निघतात, तेव्हा ही अंथरुणातूनच त्यांच्या नावानं बोटं मोडते. पण ऊन राहिलं. उद्यासाहेबाची गादीही तिनं भरून दिली, आणि आता तो सरळ बसतो. "उद्या या" अजून म्हणतो, पण सोमवारी नाही.

बरं, आता लेखणी ठेव आणि माझं एक काम कर. तुझ्या आत्याच्या दारात परवा कुणी खांब रोवून गेलंय म्हणे, आणि ती डोक्याला हात लावून बसलीय, शेजारीण सांगते ते खरं मानून. तिला जाऊन सांग, शेजारणीला विचारत बसू नकोस. सोमवारी दुपारी नगरपालिकेत जा. त्यांनी नाही म्हटलं तर पाटी कुठं आहे ते विचार, आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडून वाचून घे.